एमी डेस्टिन : सतरा कार्डं, आणि एक सुटलेली तारीख

ऑपेरा गायिका एमी डेस्टिन हिच्या फोटोंची जुनी पोस्टकार्डं मी जमवते. मागच्या नोंदीत ती चौदा होती, आता सतरा झाली. पण या खेपेची खरी कमाई नव्या तीन कार्डांची नाही. जुन्यातल्या एका कार्डाची तारीख मी गेली दोन वर्षं चुकीची धरून बसले होते, तिचं कोडं अखेर सुटलं.

डेस्टिन प्राग शहरातली, जन्म १८७८, मूळ आडनाव किट्ल. गाणं शिकवणाऱ्या मारी लोवे-डेस्टिन बाईंचं नाव तिने रंगमंचासाठी घेतलं. १८९८ मध्ये बर्लिनच्या दरबारी ऑपेरात आली आणि दहाएक वर्षं तिथेच गायली. पोस्टकार्डांचा बहरही नेमका त्याच काळातला. त्यामुळे तिची जुनी कार्डं शोधायला लागलं की बर्लिनचीच जास्त हाती येतात.

तर ते कार्ड. मोठी हॅट, मान किंचित वळलेली, खाली छापील नाव. टपालाच्या शिक्क्यातल्या सालाचा शेवटचा आकडा फिसकटलेला. मी तो ८ वाचला आणि कार्ड १९०८ च्या पानात लावून मोकळी झाले. परवा पाकिटं बदलताना मागची बाजू पाहिली, तर मधली उभी रेघच नाही! सगळी जागा फक्त पत्त्याची. जर्मनीत मागच्या बाजूचे दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहायची मुभा मिळाली १९०५ मध्ये. अर्थात, नुसत्या एवढ्यावर तारीख ठरवू नका. रेघ नसली की कार्ड छापलं कधी याचा अंदाज येतो, टपालपेटीत पडलं कधी याचा नाही. दुकानात जुना साठा पडून असायचाच.

म्हणून तिकीट पाहिलं. पाच फेनिगचं हिरवं ‘जर्मेनिया’, म्हणजे जर्मनीचं प्रतीक असलेल्या मुकुटधारी स्त्रीचं चित्र, आणि त्यावर ‘डॉइचेस राइख’ (जर्मन साम्राज्य). ही अक्षरं १९०२ पासूनची. मग खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरला आणि भिंगातून शिक्का पाहिला. आकड्याची डावी बाजू दोन्हीकडे उघडी होती. तीन! १९०३. म्हणजे या फोटोतली बाई फार तर पंचवीस वर्षांची. बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात १९०१ मध्ये सेंटाची भूमिका गाऊन झालेली, पण लंडनची १९०५ ची बटरफ्लाय आणि बर्लिनची १९०६ ची सालोमे या भूमिका अजून पुढे. कार्ड उचलून पहिल्या पानावर लावलं तेव्हा हात थरथरत होता.

नव्या तीन कार्डांपैकी एक ‘खरा फोटो’ म्हणून विकलं गेलं. भिंगाखाली गालावर ठिपक्यांची जाळी दिसली, म्हणजे छपाई. ब्रोमाइड कागदावरच्या खऱ्या फोटोत सावली सलग उतरते, जाळी दिसत नाही. पैसे देण्याआधी गालाचा मोठा स्कॅन मागून घ्या. दुसरं साधंच आहे.

तिसरं मात्र जिवापाड आवडलं. त्यावर नाव आहे एमा डेस्टिनोव्हा. पहिल्या महायुद्धात ती मायदेशी परतली, तर पासपोर्ट काढून घेऊन तिला बोहेमियातल्या स्ट्राझ गावच्या तिच्याच गढीत स्थानबद्ध केलं. युद्धानंतर ती या चेक नावाने गाऊ लागली. आज चेक प्रजासत्ताकाच्या २००० कोरुनांच्या नोटेवर तिचाच चेहरा आहे.

पावसाळ्याबद्दल एवढंच : ठाण्याच्या दमटपणात पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. आणि गडद भागावर निळसर चमक आली तर पुसू नका. ती बुरशी नव्हे, फोटोतलीच चांदी वर आलेली असते.

१९०३ च्या कार्डाला परत येते. मागे लिहायची सोय नाही, म्हणून पाठवणाऱ्याने जांभळ्या शाईत फोटोच्याच कडेने बारीक कुरेंट (जुनी जर्मन हस्तलिपी) अक्षरं भरली आहेत. खालून सुरुवात, मग उजवीकडून वर, शेवटच्या दोन ओळी हॅटच्या वर उलट्या. एका जाणकारांनी वाचून दिलं : काल हिला उभ्याच्या जागेवरून ऐकलं, पाय दुखतायत, शनिवारी पुन्हा जाणार. हॅटच्या कडेपाशी ओळ वाकवून घेतली आहे. चेहऱ्यावर शाईचा एक ठिपका नाही.