कार्ड तपासणी, नोंद ३ : १७० चा आकडा आणि खरा वेग

या खेपेला दोन एसडी कार्डं तपासायला घेतलीत. दोन्ही ६४ जीबी, यूएचएस-१ (कार्ड आणि उपकरणातल्या देवाणघेवाणीच्या वेगाचं मानक), व्ही३० (व्हिडिओ लिहायच्या किमान वेगाची खूण).

वेष्टनावर ठळक छापलेला १७० हा कार्डावरून माहिती वाचायचा वेग, सेकंदाला एमबीमध्ये. यूएचएस-१ ची मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. त्यापुढचा वेग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने येतो आणि तिला जुळणारा कार्ड रीडर लागतो. कॅमेऱ्यात तो सहसा मिळत नाही. आपल्या कामाचा आकडा बारीक अक्षरातला व्ही३० : सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबी. सेकंदाला १०० मेगाबिटच्या ४के व्हिडिओला सेकंदाला १२.५ एमबीच लागतात, त्यामुळे व्ही३० भरपूर झालं. ४०० मेगाबिटला मात्र ५० एमबी लागतात, तिथे व्ही६०, म्हणजे किमान ६० एमबीचं कार्ड.

पक्षी टिपणाऱ्यांचं गणित वेगळं. २५ एमबीची रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल, सेकंदाला १० फ्रेम, म्हणजे २५० एमबी. कार्ड ८० घेत असेल तर उरलेले १७० बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत साचतात. बफर भरला की वेग तीन फ्रेमवर येतो, आणि खंड्या नेमका तेव्हाच सूर मारतो. यूएचएस-२ या पुढच्या, जास्त वेगाच्या मानकाच्या कार्डाने फरक पडतो, पण कॅमेऱ्याच्या खाचेत पिनांची दुसरी ओळ असेल तरच. नसेल तर पैसे पाण्यात.

कार्डाचा अस्सलपणा तपासायचे प्रोग्रॅम : लिनक्स आणि मॅकवर एफ३, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू. एफ३ वापरताना कार्ड रिकामं करून आधी एफ३राइट (कार्ड भरतो), मग एफ३रीड (भरलेलं वाचून पडताळतो). ८० च्या वेगाने ६४ जीबी भरायला सव्वातेरा मिनिटं लागतात. 'डेटा लॉस्ट'पुढे शून्याशिवाय काहीही आलं तर कार्ड परत करा. नकली कार्डात चिप छोटी असते आणि कंट्रोलर खोटी क्षमता सांगतो; खरी जागा संपली की नवी माहिती जुन्यावर चढते किंवा सरळ हरवते. फाइलींची नावं दिसत राहतात, म्हणून घरी येईपर्यंत पत्ता लागत नाही. विंडोजवर ६४ ऐवजी ५९.६ दिसणं ही फसवणूक नव्हे, मोजायची पद्धत निराळी आहे.

तपासणी झाली की फॉरमॅट कॅमेऱ्यातच.

एका कार्डाची लॉकची पट्टी सैल निघाली. खाचेत सरकवताना ती खाली घसरते आणि कॅमेरा 'कार्ड लॉक्ड' म्हणतो. खोबणीवर सेलोटेप लावून काम भागतं, पण टेप आत सुटली तर खाच उघडायची वेळ येते. ते कार्ड आता फक्त बॅकअपला.

वेगाची चाचणी अजून बाकी. हाताशी असलेला रीडर यूएसबी २ चा आहे, त्याच्यावर कुठलंही कार्ड सेकंदाला ३५ एमबीच्या आसपासच अडकतं.