तुम्ही विचारलंत म्हणून: मेणबत्ती लावायची की पेटवायची?

पुण्याकडचे पाहुणे आले की हा प्रश्न निघतोच. दिवा लावतात हे ठीक, पण मेणबत्ती पेटवतात. तुम्ही बेळगावकर तीही लावता, हा कानडीचा परिणाम का? मराठी शाळेत आयुष्य गेलं, म्हणून मलाच विचारतात.

कानडीत दीप ‘हच्चतात’, कुंकू हच्चतात, रोपही हच्चतात. आपण तिन्ही लावतो. कुणी कुणाचं घेतलं, हे मी कशाच्या बळावर सांगू? पण १९५६ साली म्हैसूर राज्यात टाकलेल्या या गावात ‘तुमचं मराठी कानडी झालंय’ हे ऐकून घेणं सोपं नसतं. दिवेलागण हा शब्द माझ्या आजीच्या तोंडचा. तिला कानडीचं अक्षर येत नव्हतं.

आणि तरी, एके काळी मीही तुमच्यासारखंच म्हणत होते. शहापूरच्या शाळेत चौथीतल्या एका मुलानं निबंधात लिहिलं होतं, ‘करंट गेला. आईने बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली.’ मी ‘लावली’भोवती लाल गोल केला, वर ‘पेटवली’ लिहिलं आणि अर्धा गुण कापला. बाप जाऊन महिना झाला नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी मी शब्दच तपासला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याची आई वही घेऊन आली. माहेर गोकाककडचं, मराठी सासरी येऊन शिकलेलं. वही उघडून त्या लाल अक्षरांवर तिनं बोट ठेवलं. नखात हळद होती.

‘बाई, पेटवितात ते सरणाला बगा. ह्यांना पेटवून आलो आमी. घरात मी लावली.’

मी तिला बसासुद्धा म्हटलं नाही. ती गेल्यावर माझा शब्द खोडला, अर्धा गुण परत दिला. लाल गोल मात्र तसाच राहिला.

म्हणून मी ‘लावा’ म्हणते. पण ‘पेटवली’ चूक होतं का? नव्हतं. काडी पेटवतात, चूल पेटवतात, मेणबत्तीही पेटते. कोश काढून माझी तेव्हाची बाजू मी आजही मांडू शकते. आपण त्या बाईपुढे तो उघडू शकलो असतो का, एवढंच तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं.

परवा वळवात करंट गेला. अंधारात माझ्याच तोंडून सुनेला निघालं, ‘पेटव गं ती मेणबत्ती.’

‘लावते, आई,’ ती म्हणाली.