'साचा पूर्ण कोरडा असावा' म्हणजे नक्की किती?

कास्टिंग निओप्रीनच्या, म्हणजे साच्यात ओतून मुखवटे घडवायच्या द्रव रबराच्या, डब्यासोबत आलेल्या माहितीपत्रकात एवढीच ओळ होती: 'साचा पूर्ण कोरडा असावा.' पूर्ण म्हणजे किती आणि ते ओळखायचं कसं, याबद्दल चकार शब्द नाही. त्या ओळीपायी माझे तीन आठवडे गेले आणि जवळजवळ अर्धा डबा वाया गेला. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

एका नाटकासाठी चार एकसारखे अर्धे मुखवटे हवे होते, कपाळापासून नाकापर्यंतचे. कागदाचा लगदा घामाने मऊ पडतो, म्हणून कास्टिंग निओप्रीन घेतलं. पाणबुड्यांच्या सूटचं ते फेसाळ निओप्रीन वेगळं. १९३० साली ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं कृत्रिम रबर तेच, पण इथे त्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. दाट दुधासारखं दिसतं. प्लास्टरच्या साच्यात ओतलं की प्लास्टर पाणी ओढून घेतं आणि कडेने रबराचा थर धरतो. पुरेसा जाड झाला की उरलेलं परत ओतून काढायचं. मातीचा चेहरा, त्यावर प्लास्टर, इथवर सगळं सुरळीत झालं.

पहिल्यांदा ओतलं, तासाभराने काढलं, तर थर दुधावरच्या सायीइतका. नाकाशी टरकन फाटला. दुसऱ्यांदा तीन तास ठेवलं, तरी तेच. मी विक्रेत्याला फोन करून माल जुना असल्याचं ठणकावलं. त्याने शांतपणे विचारलं, "साचा कोरडा आहे ना?" अहो, हाताला खडखडीत लागतोय!

मग आणखी शहाणपणा केला. साचा ओव्हनमध्ये १२० अंशांवर संध्याकाळभर ठेवला. बाहेर काढला तर कडा पिठासारख्या झालेल्या, नखाने खरवडल्या की भुगा. घट्ट झालेल्या प्लास्टरने थोडं पाणी स्वतःत बांधून ठेवलेलं असतं. जास्त उष्णतेने तेही निघून जातं आणि प्लास्टर भुसभुशीत होतं. ४५ अंशांच्या वर जाऊच नये. साचा पुन्हा पहिल्यापासून.

या वेळी मात्र हिशोब मांडला. २ किलो प्लास्टर, १४०० ग्रॅम पाणी, म्हणजे ओला साचा ३ किलो ४०० ग्रॅम. त्यातलं साधारण ३७० ग्रॅम पाणी प्लास्टर कायमचं धरून ठेवतं. बाकी किलोभराहून जास्त पाणी उडून जायला हवं! साच्याखाली दोन लाकडी पट्ट्या, समोर पंखा, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आकडा साच्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचा. चौथ्या दिवशी हाताला कोरडा लागत होता, पण गालाला लावला तर गार, आणि वजन अजून उतरतच होतं. नवव्या दिवशी आकडा २ किलो ३८० वर आला, दहाव्या दिवशीही तोच. तेव्हा ओतलं.

पाणी शोषलं जातं तशी पातळी खाली जाते, वरून भर घालत राहा. चाळीस मिनिटांनी कडेला सुरीने छोटा काप दिला, तर दोन मिलिमीटरची स्वच्छ जाडी! मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. उरलेलं ओतून काढलं, साचा रात्रभर पालथा ठेवला. सकाळी कडा आपोआप सुटलेली होती.

साच्याच्या आतून व्हॅसलीन किंवा साबण लावायचा मोह होतो, तो टाळा. छिद्रं बुजली की पाणी शोषलंच जात नाही. सुकताना निओप्रीन आकसतं, त्यामुळे ते साच्यातून सुटतंच. पण याच आकसण्यामुळे मातीचा चेहरा थोडा मोठा घडवावा लागतो. माझा पहिला धड मुखवटा मला बसला, नटाला नाही. ओतण्याआधी द्रव कापडातून गाळा आणि एकाच बाजूने बारीक धारेने ओता, नाहीतर नेमका नाकाच्या शेंड्याशी बुडबुडा अडकतो. वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा. बाहुलीचं डोकं याच पद्धतीने होतं, फक्त साचा दोन भागांचा लागतो आणि जोडावरची रेघ नंतर कापून घासावी लागते.

आणि हो, एक मुखवटा निघाल्यावर साचा परत ओला झालेला असतो. दुसरा मी त्याच दुपारी ओतला. परत साय.