आमची वाटचाल : मंडपाच्या अँगलपासून डुकरिणीच्या बाळंतखोलीपर्यंत

नाशिकजवळच्या अंबडच्या गाळ्यात द्राक्षमंडपाचे अँगल आणि कांदाचाळींचे सांगाडे व्हायचे. डुकरिणीचा विणीचा पिंजरा, म्हणजे आई पिल्लांवर पडू नये म्हणून तिच्याभोवती उभा केलेला पाइपांचा सांगाडा, त्यातलंच काम वाटलं. दीड इंची जीआय पाइप, 7 फूट लांब, 2 फूट रुंद, पिल्लांसाठी दोन्ही अंगांना दीड-दीड फूट. खालची आडवी दांडी जमिनीपासून 10 इंचांवर. ती खाली आली की पिल्लू आचळापर्यंत पोचत नाही. वर गेली की आई धपकन अंग टाकते आणि पिल्लाला निसटायला वेळच मिळत नाही. वेल्डिंगची गाठ आतल्या बाजूला ठेवू नका, कास फाटते.

मग निफाडकडच्या एका फार्मवर डझनभर पिंजरे बसवले आणि थंडी पडली. निफाडची थंडी वेगळी सांगायला नको. कोबा उघडा, खाली काडीसुद्धा नाही. पिल्लू जन्मतं सव्वा-दीड किलोचं, ओलं, अंगात चरबी नावाला. पहिल्या दिवशी त्याला 32 ते 34 अंशांची ऊब लागते. आईला मानवतं 18 ते 22. गारठलेलं पिल्लू चीक ओढत नाही, उबेला आईच्या पोटाशी जातं आणि तिथंच दबतं. मेलेलं पिल्लू चपटं दिसलं म्हणून खापर पाइपावर फुटलं. मारलं कोब्यानं. पैसे अडकले, गाळ्याचं भाडं थकलं. त्यातच एक स्पर्धक ‘यांचे पिंजरे पिल्लं मारतात’ असं गावोगाव सांगत फिरला. त्याचा माल आमच्याच मापाचा, टेप लावून बघितलाय. रंग तेवढा निळा.

सावरलं ते दिंडोरीच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं. अँगलचे पैसे त्यांनी कधी थकवले नाहीत. त्यांच्या शेडमध्ये पिंजऱ्याच्या पुढच्या दांडीला कांद्याची तागाची गोणी बांधलेली असे. विण्याच्या आदल्या दिवसापासून डुकरीण कोबा उकरते, दांड्या चावते, सारखी ऊठबस करते. तिला घरटं करायचं असतं. गोणी मिळाली की दातांनी सुतळ्या ओढते, लाळेनं भिजलेला पुंजका तोंडापुढं जमवते आणि मग शांत आडवी होते. हे करायला न मिळालेली मादी बेचैन राहते, कळा लांबतात, शेवटची पिल्लं गुदमरून मेलेली येतात. गोणी तागाचीच हवी. प्लास्टिकची नको, खताची तर नकोच.

तेव्हापासून प्रत्येक पिंजऱ्याला गोणीसाठी कडी आणि सोबत उबेची पेटी जाते. पेटी 4 बाय दीड फूट, प्लायची, झाकण बिजागरीचं, तोंडाला गोणपाटाचा पडदा. झाकणाच्या भोकावर 250 वॅटचा लाल दिवा, काडापासून दोन फुटांवर, साखळीला टांगलेला आणि जाळीत. वायरवर टांगला आणि काडात पडला तर शेडच जाईल. लाइट गेली की उघड्या दिव्याची ऊब लगेच उडते, पेटीची टिकून राहते. थर्मामीटरआधी पिल्लं बघा : एकमेकांवर चढली तर गार पडतंय, तोंडाशी पांगली तर तापलंय, कुशीला कूस लावून झोपली तर बरोबर. पहिल्या दिवशी उबेत राहून पोटभर चीक प्यालेलं पिल्लू दूध तोडताना वजनात पुढं असतं.

काडाचं म्हणाल तर गव्हाचं उत्तम. बोटभर तुकडे, पेटीत तीन इंच थर, ओला भाग रोज काढायचा. आईपुढं गाभणपणाच्या 112व्या दिवशी दोन किलो टाका, विण्याच्या 114व्या दिवसाची वाट बघू नका. इगतपुरीकडचा भाताचा पेंढा चालतो, पण कापून. लांब पेंढ्यात पिल्लांचे पाय अडकतात. तुसाची धूळ नाकात जाते, पाचटाच्या कडा कापतात. मूठभर काड नाकाशी धरा. कुबट वास आला तर स्वस्तातलं असलं तरी परत पाठवा. जाळीच्या फरशीवर काड नको, खालची नाली तुंबते. तिथं गोणीच.

निळे पिंजरे हल्ली आमच्या गाळ्यात येतात, गोणीची कडी बसवून घ्यायला. बसवून देतो. पैसे आधी घेतो.