ग्रामसभेत निघालेला निवाऱ्याचा विषय

आज आमच्या गावच्या ग्रामसभेत एकल महिलांसाठी निवारा उभारण्याचा विषय निघाला आणि सिंधुताई सपकाळांचे नाव आपसूकच आले. वर्धा जिल्ह्यातील पिंपरी मेघे येथे १९४८ साली जन्मलेल्या या बाईला नवऱ्याने गरोदरपणी घराबाहेर काढले, गोठ्यात त्यांचे बाळंतपण झाले, माहेरचेही दार उघडले नाही. पुढे त्या स्वतःच शेकडो अनाथ मुलांच्या माई झाल्या आणि चिखलदऱ्यात त्यांनी मुलींसाठी वसतिगृह चालवले.

सासर-माहेर असताना बाईला वेगळा निवारा कशाला, असे एका वयस्क गृहस्थांनी विचारले. (त्यांच्या स्वतःच्या नावावर शेताचा सातबाराही आहे आणि घराचा नमुना आठही.) तेव्हा कापूस वेचून थेट सभेला आलेली, बोंडांनी बोटे ओरखडलेली एक शेजारीण उठली आणि म्हणाली, "काकाजी, माहेरी भाऊबीजेपुरतं बलावतेत, ऱ्हाय म्हून कोनी म्हनत नाई." सभा क्षणभर गप्प झाली.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याच्या कलम १७ ने स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, हे मी सांगितले खरे. पण जिथे मार खाल्ला तिथेच परतण्याचा हक्क पुरत नाही, तिला मजुरीच्या आणि मुलांच्या शाळेच्या जवळ, आतून कडी लावता येईल अशी खोली लागते. अखेर शाळेमागच्या जुन्या खोल्या दुरुस्त करण्याचा ठराव झाला. संडास-न्हाणीघराचा मुद्दा मात्र पुढे ढकलला गेला, आणि माझ्या मते तोच आधी घ्यायला हवा होता.