दोन चाकं, दोन ट्रान्समिशन: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं ऑईल इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. तिथं शिकलेलं काम घेऊन मी नॉर्थ कॅरोलिनात आलो, काही वर्षं दुसऱ्यांच्या गॅरेजमध्ये राबलो आणि मग रालेजवळ आम्ही नवरा-बायकोनं स्वतःचं शेड घेतलं. इथं मार्च ते नोव्हेंबर गवत वाढतच असतं. गवत कापणाऱ्या ठेकेदाराचं मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, बंद पडलं की त्याच्या माणसांची दिवसाची मजुरी बुडते.

सुरुवात हातानं ढकलायच्या मोअरपासून झाली. धंदा उभा राहिला तो मात्र झीरो-टर्नवर, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या मोअरवर, त्यातही जुन्या. या यंत्रात मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे तेलाच्या दाबावर चाक फिरवणारा पंप-मोटरचा संच, असतं आणि प्रत्येकाला वेगळा दांडा. दांडा पुढे ढकलला की पंपातली तबकडी तिरकी होते, तेल मोटरकडे जोरात जातं आणि चाक फिरतं. दोन्ही पंप फिरवणारा पट्टा मात्र बहुतेक यंत्रांत एकच.

म्हणून आमचा पहिला प्रश्न ठरलेला: ओढ एका बाजूची गेली की दोन्ही? दोन्ही एकदम मंदावल्या असतील तर आधी पट्टा, टेन्शन पुली आणि तिची स्प्रिंग बघायची. झिजून गुळगुळीत झालेला पट्टा पुलीच्या खाचेत खोल बसतो आणि चढाला घसरतो. एकच बाजू गेली असेल तर बायपासचा लिव्हर (उघडला की तेल मोटरला वळसा घालतं आणि यंत्र हातानं ढकलता येतं) अर्धवट उघडा आहे का, चाकाच्या हबमधली चावी (हब आणि आस जोडणारा धातूचा छोटा तुकडा) कातरली आहे का, पंपावरच्या पंख्याची पाती तुटली आहेत का, हे तपासायचं. यंत्र नुसतं एकीकडे ओढत असेल तर टायरची हवा मोजल्याशिवाय दांड्यांच्या जोडणीला आम्ही पाना लावत नाही. एका बाजूचं नवं ट्रान्समिशन कित्येकशे डॉलरचं. गिऱ्हाइकाला तो आकडा सांगण्याआधी ही सगळी स्वस्त कारणं संपलेली असली पाहिजेत.

जुनं यंत्र विकत घेताना आम्ही ते आधी अर्धा तास गवतावर चालवतो, मगच चढावर घालतो. थंड असताना सगळीच बरी चालतात. तेल तापून पातळ झालं की झिजलेल्या पंपात ते आतल्या आत निसटतं आणि ओढ जाते. उतारावर हे जिवावर बेतू शकतं. पुढच्या मोकळ्या फिरणाऱ्या कॅस्टर चाकांना ब्रेक नसतो, वेग आवरायचं कामही ट्रान्समिशनच करतं, त्यामुळे एक बाजू सुटली की यंत्र आपोआप वळतं. ही परीक्षा नापास झालेलं यंत्र आम्ही विकायला ठेवत नाही.

तेल बदलल्यावर ट्रान्समिशनमधली हवा काढणं पुष्कळजण टाळतात, मग पंप गुरगुरतो आणि बिचारा बाद ठरतो. मागची चाकं स्टँडवर उचलायची, बायपास उघडा ठेवून इंजिन चालवायचं, दांडे सावकाश पाच-सहा वेळा पुढे-मागे करायचे. मग बायपास बंद करून पुन्हा तेच. तेल ट्रान्समिशन बनवणाऱ्या कंपनीनं सांगितलेलंच. हायड्रो-गिअर कंपनीच्या पुष्कळ ट्रान्समिशनना २०डब्ल्यू-५० इंजिन ऑईल चालतं, पण मॉडेल बघूनच भरायचं.

काही छोट्या मॉडेलना तेल काढायचा बोल्टच नसतो, अख्खं युनिट खाली उतरवावं लागतं. तसली कामं आम्ही जानेवारी-फेब्रुवारीत घेतो आणि ठेकेदारांना तेव्हाच यंत्रं आणायला सांगतो.