तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाच्या पेशी (म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट) कमी झाल्यात, मग चढवत का नाहीत?

"सिस्टर, पेशी ४० हजारावर आल्यात, पिशवी आणायला आम्ही तयार आहोत, मग डॉक्टर चढवत का नाहीत?" एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या दाराशी हे मला सारखं विचारतात, कधी बाळाचे बाबा, कधी आजी, आणि आता तर ओळखीतले लोक व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो टाकून पण विचारतात. नाशिकमध्ये पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की घरोघरी प्लेटलेटचे आकडे पाठ होतात, त्यामुळे दीड लाखाच्या खाली काही दिसलं की माणसं घाबरतात आणि त्यात काही चूक नाही. पण कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं गणित डेंग्यूच्या मोठ्या माणसासारखं नसतं.

आधी हे की या बाळांमध्ये पेशी कमी होणं खूप कॉमन आहे, एक किलोच्या आतल्या बाळांपैकी तर बहुतेकांच्या कधी ना कधी कमी होतातच. आम्ही पहिलं बघतो ते आकडा कुठल्या दिवशी पडला. पहिल्या तीन दिवसांतच कमी असेल तर बऱ्याचदा कारण पोटात असतानाचं असतं, म्हणजे आईचं बीपी वाढलेलं, वारेतून बाळाला रक्त आणि ऑक्सिजन नीट पोचलेला नसतो, वाढ खुंटलेली असते. पेठ, सुरगाण्याकडून रेफर होऊन येणाऱ्यांत अशा आया मी कितीतरी पाहिल्यात.

अशा बाळात पेशी तयारच कमी होतात. प्लेटलेट बनतात हाडांच्या मगजात, मेगाकॅरिओसाइट नावाच्या मोठ्या पेशींचे तुकडे सुटून, आणि नवजात बाळाच्या या मेगाकॅरिओसाइट मोठ्या माणसापेक्षा लहान असतात, एकेकीतून प्लेटलेट पण थोड्याच सुटतात. एरवी बाळ त्यांची संख्या वाढवून भरून काढतं. पण आजारात जास्त प्लेटलेट बनवा असा निरोप देणारं थ्रोम्बोपोएटिन नावाचं हार्मोन या बाळांत मोठ्यांइतकं वाढत नाही, मग कारखाना जोर धरायला वेळ घेतो. आकडा साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्यात खाली जातो आणि बहुतेक वेळा दहाएक दिवसांत आपोआप वर येतो. तेवढं थांबणं हा पण उपचारच आहे, कोणी दुर्लक्ष करत नसतं!

तीन दिवसांनंतर चांगलं दूध पचवणाऱ्या बाळाच्या पेशी अचानक धडाधड पडल्या तर मात्र मलाच धडकी भरते, कारण तेव्हा बहुतेकदा रक्तात इन्फेक्शन नाहीतर आतड्याला सूज असते, पेशी बनण्यापेक्षा संपतात जास्त. तिथे धावपळ अँटिबायोटिकसाठी असते, पोट फुगलंय का बघायची असते, नुसत्या पिशवीने मूळ दुखणं जात नाही.

आता चढवण्याबद्दल. २०१९ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ६६० कमी दिवसांच्या बाळांचा एक मोठा अभ्यास आला, प्लॅनेट-२ नावाचा. अर्ध्या बाळांना पेशी ५० हजाराच्या खाली गेल्या की चढवल्या, बाकीच्यांना २५ हजाराच्या खाली गेल्यावरच. जास्त चढवलेल्या गटात २८ दिवसांत मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव झाला २६ टक्के बाळांना, थांबलेल्या गटात १९ टक्के. दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा पण थांबलेल्या गटातलीच बाळं बरी होती. चढवलेल्या पेशी मोठ्या माणसाच्या, त्या बाळाच्या रक्तात वेगळ्या वागत असाव्यात असा एक अंदाज आहे, शिवाय एवढ्याशा जिवात ते जादा पाणी पण जातं. म्हणून रक्तस्राव नसेल तर आता पुष्कळ डॉक्टर २५ हजारापर्यंत थांबतात. रक्त येत असेल, ऑपरेशन असेल तर नियम वेगळा, तेव्हा आकडा २५ हजाराच्या वर असतानाही चढवतात आणि चढवायलाच हव्यात. तुमच्या बाळाचं काय ते त्याचे डॉक्टरच ठरवणार, पण राऊंडला हे जरूर विचारा, कारण काय वाटतं, डोक्याची सोनोग्राफी झाली का, कुठे रक्त दिसतंय का, पुढचा सीबीसी (पेशी मोजायची रक्ततपासणी) कधी. आणि एकदम खालचा आकडा आला तर तो पुन्हा तपासलाय का तेही विचारा, टाचेतून घेतलेल्या रक्तात बारीक गुठळी झाली तर मशीन पेशी खोट्या कमी दाखवतं.

पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध, यातलं बाळाच्या तोंडात काहीही घालू नका, प्लीज, आतडी फार नाजूक असतात. आईने मात्र दूध काढून द्यावं, सुरुवातीला अगदी चमचाभर निघालं तरी ते आणा, आतड्याची सूज आणि इन्फेक्शन ज्याने टळतं त्यात आईचं दूध सगळ्यात वर आहे. आजींनी, मावशींनी बाळाच्या काचेच्या पेटीपाशी यायच्या आधी अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, दर वेळी.